धुरके कोणाच्या नावे?

व्यापाऱ्याच्या वहीत प्रत्येक रक्कम कोणाच्या तरी नावे पडते. नावे न पडलेला खर्च झालाच नाही, असे कोणताही जाणता दुकानदार मानत नाही. तो कोठे तरी दडला आहे आणि कधीतरी वसूल होणारच, हे त्याला ठाऊक असते. शहरांच्या हवेत साचणारे धुरके हा असाच पिढ्यान्‌पिढ्या बिनखात्याचा राहिलेला खर्च होय.

‘धुरके’ हा शब्द धूर आणि धुके यांच्या संयोगातून घडला आहे. इंग्रजीतील ‘स्मॉग’ हीदेखील ‘स्मोक’ आणि ‘फॉग’ या दोन शब्दांची सांधणी. लंडनमध्ये कोळशाच्या धुराविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेशी निगडित असलेले डॉ. हेन्री डे व्हो यांनी 1905 मध्ये सार्वजनिक आरोग्य परिषदेपुढे एक निबंध सादर केला आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. तक्रार मात्र फार जुनी होती. जॉन एव्हलिन यांनी 1661 मध्येच दुसऱ्या चार्ल्स राजाला लंडनच्या धुरावर एक पुस्तिका अर्पण केली होती आणि धूर ओकणारे धंदे शहराबाहेर न्यावेत, असे सुचवले होते.

नव्या शब्दाने एक महत्त्वाचे काम केले. धुके निसर्गाचे असते. त्याचा जाब कोणाला विचारणार? धूर मात्र माणसाचा असतो. लंडनचे पिवळसर धुके हे त्या शहराचे हवामानच आहे, असे लोक समजत आले होते. दोन्ही शब्द एकत्र येताच त्यात माणसाचा वाटा किती, हा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तर मिळायला 1952 साल उजाडावे लागले. त्या वर्षी 5 ते 9 डिसेंबर या काळात लंडनवर वारा पडला. एरवी जमिनीलगतची उबदार हवा वर जाते आणि धूर आपल्याबरोबर नेते. त्या दिवसांत थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, अशी उलटी स्थिती झाली. पातेल्यावर झाकण बसावे तसे शहर कोंडले गेले. कोळशातील गंधकापासून निघालेला वायू धुक्याच्या थेंबांत मिसळून आम्ल बनला. काही भागांत चालणाऱ्याला स्वतःची पावले दिसेनात. स्मिथफील्ड पशुप्रदर्शनासाठी आणलेली जनावरे धापा टाकू लागली आणि त्यांतील काही दगावली. त्या मुक्या जिवांचे हाल माणसांच्या मृत्यूंआधी लोकांच्या ध्यानात आले.

माणसांचे मरण मृत्यूंच्या नोंदी मोजल्यावर कळले. प्रारंभीचा अंदाज सुमारे 4,000 मृत्यूंचा होता; पुढील अभ्यासात तो आकडा 12,000 पर्यंत गेला. नंतरच्या महिन्यांतील वाढीव मृत्यू सरकारने इन्फ्लुएन्झाच्या माथी मारून पाहिले.

दोष केवळ कारखान्यांचा नव्हता. लक्षावधी घरांच्या दिवाणखान्यांत कोळशाच्या शेगड्या धगधगत होत्या. युद्धोत्तर काळात परकीय चलनासाठी चांगला कोळसा निर्यात होई आणि घरोघरी हलक्या प्रतीचा, जास्त धूर करणारा कोळसा जळे. त्या व्यवहारात नफा वहीत जमा झाला, तोटा मात्र फुप्फुसांत साठला. सर ह्यू बीव्हर यांच्या समितीच्या शिफारशींनंतर 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्याने धूरमुक्त क्षेत्रे ठरवली आणि कायद्याचा हात प्रथमच घरगुती शेगडीपर्यंत पोहोचला. शेगडी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सार्वजनिक तिजोरीने उचलला. खर्चाला अखेर खाते मिळाले.

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे ना लंडनचे धुके होते, ना कोळशाच्या शेगड्या. तरीही 1943 च्या उन्हाळ्यात डोळे चुरचुरवणारा थर शहरावर उतरला आणि हा शत्रूचा विषारी वायू असावा, अशी भीती पसरली. मग संशय कृत्रिम रबराशी संबंधित एका कारखान्यावर गेला. तो बंद झाला. धुरके कायम राहिले. पुढे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, मोटारींचा धूर आणि तेलशुद्धीकरणातील वाफा यांवर प्रखर ऊन पडले की ओझोनसारखे दाहक पदार्थ तयार होतात. ज्यांनी शत्रूकडे आणि कारखान्याकडे बोट दाखवले होते, त्यांच्याच गाड्या या धुरक्याच्या मोठ्या वाटेकरी होत्या.

हिंदुस्थानातही ही जाणीव जुनी आहे. बंगालमध्ये 1905 साली, तर मुंबईत 1912 साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदे झाले. स्वतंत्र भारताने 1981 मध्ये वायुप्रदूषणाचा कायदा केला. तरीही हिवाळ्यात मुंबईचे क्षितिज मळकट झाले की, दोष कधी थंडीला, कधी पडलेल्या वाऱ्याला दिला जातो. वारा पडल्याने धुरके साचते हे खरे. पण साचणारा माल वाऱ्याने आणलेला नसतो. तो बांधकामाच्या धुळीचा, गाड्यांच्या धुराचा, भट्ट्यांचा आणि उघड्यावर पेटवलेल्या कचऱ्याचा असतो. गोदामामागे रोज सायंकाळी पेटणारा पुठ्ठ्या-प्लास्टिकचा ढीग आणि मालाची चढउतार होईपर्यंत दारात इंजिन चालू ठेवून उभा असलेला टेम्पो, यांचा खर्चही नव्या वर्षाच्या वहीत दुकानाच्याच नावे मांडला पाहिजे.