रक्तवाढीच्या गोळीआधी

वार्षिक तपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिन साडेनऊ-दहा दिसले की आपल्यापैकी बहुतेक कारखाना-डॉक्टरांचा हात आपोआप लोहाच्या गोळ्या लिहू लागतो. महिनाभराच्या गोळ्या, ‘पालेभाजी खात जा’, आणि पुढचा कामगार. दारात रांग, डॉक्टर एकच, आणि लाइनवरचा माणूस सुपरवायझरला लगेच परत हवा. अशात याहून जास्त काय करणार, हा प्रश्न रास्त आहे. तरीही या अंकात आम्हाला त्या चिठ्ठीबद्दलच बोलायचे आहे. शरीरात लोह कमी आहे की नाही, हे एकटे हिमोग्लोबिन सांगू शकत नाही. शिवाय लोह जास्त झाले तर ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही.

ही दुसरी गोष्ट आपण शिकलो होतो, पण रोजच्या धबडग्यात ती मागे पडते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. रोजची झीज १ मिलिग्रॅमच्या आसपास, पाळी येणाऱ्या स्त्रीची त्याच्या जवळपास दुप्पट. मूत्रपिंड किंवा यकृत जादा लोहाचा निचरा करत नाही. सगळा बंदोबस्त आतड्याच्या दारावर आहे आणि तो यकृतातून येणाऱ्या हेप्सिडिनच्या हातात आहे. साठा भरलेला असेल किंवा शरीरात कुठे दाह असेल, तर हेप्सिडिन वाढते आणि दार बंद होते. वारंवार रक्त चढवल्यामुळे किंवा शिरेतून दिलेल्या लोहामुळे हे दार टाळून, किंवा काही जनुकीय आजारांत दार उघडेच राहिल्याने लोह आत आले, तर ते यकृतात, हृदयात आणि स्वादुपिंडात साचत राहते.

कमतरतेची बाजू आपल्याकडे मोठी आहे, यात वाद नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि २१.९ टक्के पुरुष रक्तक्षयी आढळले. आधीच्या फेरीत स्त्रियांचे प्रमाण ४८ टक्के होते. हे आकडे बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताचे आहेत आणि शिरेतील रक्ताच्या मोजणीशी ते तंतोतंत जुळत नाहीत, हे लक्षात ठेवूनही चित्र गंभीर आहे. आपल्या पिंपरी-भोसरी पट्ट्यात वायरिंग हार्नेस, इलेक्ट्रॉनिक्स आणि जुळणीच्या लाइनींवर विशी-पंचविशीतल्या मुली मोठ्या संख्येने आल्या आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या या मुली चौघी-पाचजणी मिळून खोली घेऊन राहतात. सकाळची बस पकडायची म्हणून न्याहारी बुडते, आणि पाळीत किती रक्त जाते हे त्यांना कोणी विचारलेले नसते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाची १९ मिलिग्रॅम ठरवली. चहा-बिस्किटावर अर्धी शिफ्ट काढणाऱ्या मुलीच्या पोटात यातले किती जात असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

व्यवस्थापनापुढे हा विषय नेताना १९७९ चा एक अभ्यास हाताशी ठेवावा. बास्ता, स्क्रिमशॉ आणि सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील रबराच्या मळ्यातल्या पुरुष कामगारांना ६० दिवस रोज १०० मिलिग्रॅम लोह दिले. सुरुवातीला रक्तक्षयी कामगार कमी चीक गोळा करत होते; उपचारानंतर ते निरोगी सहकाऱ्यांच्या बरोबरीला आले. माणूस कामचुकार आहे असे लिहिण्याआधी त्याचे रक्त पाहावे, हे त्या अभ्यासातून शिकण्यासारखे आहे. शिवाय लोह केवळ हिमोग्लोबिनसाठी लागत नाही. स्नायूंतील मायोग्लोबिन आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीची विकरे त्याच्यावर चालतात, म्हणून हिमोग्लोबिन घसरण्याआधीच थकवा सुरू होतो. रात्रपाळीहून आल्यावर पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, ते सतत हलवावेसे वाटतात, अशी तक्रार आली तर फेरिटिन पाहायला हवे. माती, खडू, कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होते का, हेही विचारावे. लाजेमुळे हे कोणी आपणहून सांगत नाही.

निदान पक्के झाल्यावर उपचार तरी नीट व्हावा. एका वेळच्या गोळीने हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेले राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासांतून हे पुढे आले. सौम्य रक्तक्षयात दिवसाआड एक गोळी हा पर्याय त्यामुळे वाजवी ठरतो. पोटदुखी आणि मळमळ कमी झाली की गोळी सुटण्याचे प्रमाणही घटेल. हिमोग्लोबिन जागेवर आले की गोळ्या थांबवण्याची घाई मात्र नको. साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. आणि जेवणानंतर लगेच येणारा कॅन्टीनचा चहा तासभर पुढे ढकलायला हवा. जेवणासोबत घेतलेल्या चहामुळे भाजी-धान्यातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटू शकते. ताटात लिंबाची फोड ठेवायला कंपनीला फारसा खर्च येत नाही. कॅन्टीन समितीच्या बैठकीत डॉक्टर जाऊन बसला तर या दोन गोष्टी एका आठवड्यात होतील.

पण निदान पक्के झाले का, हा प्रश्न उरतोच. पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये ग्रामीण भाग, शहरातील झोपडपट्टी आणि मध्यमवर्ग अशा तीन थरांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. हा आपल्याच जिल्ह्यातला पुरावा आहे. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असले की एकामुळे लाल पेशी लहान होतात, दुसऱ्यामुळे मोठ्या, आणि सरासरीत एमसीव्ही सर्वसाधारण दिसते. आरडीडब्ल्यू वाढलेला असेल तर तो इशारा समजावा. अशा माणसाला नुसते लोह देत राहिले तर हिमोग्लोबिन पुरेसे चढत नाही आणि हातापायांच्या मुंग्या वाढत जातात.

पुरुष कामगारात लोहाची कमतरता खरोखरच सापडली, तर ते रक्त कुठून तरी जात आहे असे धरूनच पुढे जावे. मूळव्याध लाजेपोटी लपवली जाते. कंबर धरली की दुकानातून घेतलेली वेदनाशामक गोळी ओव्हरटाइमवाल्यांच्या खिशात असते आणि तिने जठरातून थेंबथेंब रक्त जाऊ शकते. गावाकडे अनवाणी शेतात राबून आलेल्यांत आकडीजंत आढळतात. चाळिशीपुढच्या माणसात आतड्याचा कर्करोग नाही ना, हे तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करून त्याला घरी पाठवणे धोक्याचे आहे. गोळ्यांनी आकडा काही काळ सुधारतो आणि मूळ आजाराला तेवढा वेळ मिळतो.

पिंपरी कॅम्पच्या शेजारी काम करणाऱ्या डॉक्टरांना थॅलेसेमियाबद्दल वेगळे सांगायला नको. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ही मोठी वसाहत. या समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. पण वाहक फक्त तिथेच भेटतात असे नाही. लोहाणा, भानुशाली, पंजाबी आणि कितीतरी मराठी कुटुंबांतही ते आहेत. वाहकाचे हिमोग्लोबिन थोडे कमी आणि एमसीव्ही बरेच कमी असते, पण लाल पेशींची संख्या भरपूर असते. एमसीव्हीला त्या संख्येने भागून उत्तर १३ पेक्षा कमी आले, तर लोहाची चिठ्ठी बाजूला ठेवून फेरिटिन आणि एचपीएलसी तपासणी सांगावी. वाहकाला लोहाची कमतरता असूच शकत नाही असे नाही. पण ती सिद्ध न करता वर्षानुवर्षे गोळ्या देणे चूक आहे. त्यात आणखी एक संधी हातची जाते. लग्नाच्या वयातील वाहकाला तो वाहक आहे हे कळले आणि जोडीदाराचीही तपासणी झाली, तर पुढच्या पिढीतले थॅलेसेमिया मेजर टाळता येते. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडून आलेल्या मुलांबाबत सिकलसेलची तपासणीही तितकीच गरजेची. भट्टीजवळच्या उष्णतेत आणि पाणी कमी पडल्यावर सिकलसेलच्या रुग्णाला काय होते, हे आपण जाणतो.

थॅलेसेमिया मेजरमध्ये लोहाचा अतिरेक सर्वांत ठळक दिसतो. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. दर दोन-चार आठवड्यांनी एकदोन पिशव्या, आयुष्यभर. लोह बाहेर काढणारी औषधे न मिळाल्यास हृदय निकामी होते. त्याआधी मधुमेह, खुंटलेली वाढ आणि यकृताचे आजार येतात. तोंडाने घेण्याचे डेफेरिप्रोन युरोपच्या आधी, १९९० च्या दशकाच्या मध्यातच भारतात मिळू लागले, आणि आता डेफेरासिरॉक्सही आहे. त्यामुळे ही मुले मोठी होत आहेत, शिकत आहेत आणि आपल्या कारखान्यांत नोकरी मागायला येत आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलचा समावेश आहे. अशा उमेदवाराच्या कागदावर ‘अनफिट’ लिहिण्याआधी त्याला कोणते काम झेपेल हे लिहावे, आणि रक्त चढवण्याच्या दिवशीची रजा आधीच मंजूर करून घ्यावी.

वेल्डिंग शॉपमध्ये लोह फुफ्फुसातून आत येते. डॉइग आणि मॅक्लॉफ्लिन यांनी १९३६ मध्ये इंग्लंडमधील वेल्डरांच्या क्ष-किरण चित्रांतील बारीक ठिपक्यांचे वर्णन केले. काम सुटल्यावर हे ठिपके विरळ होतात, हेही त्यांनीच १९४८ मध्ये नोंदवले. हाच सहसा निरुपद्रवी मानला जाणारा वेल्डर्स सिडेरोसिस. आपल्याकडे असे चित्र दिसले की पहिला संशय क्षयाचा येतो आणि तो यायलाही हवा. पण थुंकीत जंतू नाहीत, ताप नाही, वजन टिकून आहे, आणि माणूस दहा वर्षे भोसरीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये बंद शेडखाली वेल्डिंग करतो आहे, हे विचारले गेले तर सहा महिन्यांची अनाठायी औषधे वाचतील. अशा वेल्डरचे फेरिटिनही चढलेले असू शकते. ते वाचताना त्याचा व्यवसाय ध्यानात ठेवावा. फाउंड्रीत काम केलेल्याच्या छातीत मात्र सिलिकाही असू शकते, तिथे ‘निरुपद्रवी’ हा शब्द वापरू नये.

आणखी एक धोका आपल्याकडे जवळपास अज्ञात आहे. कॉगन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या मृत्युनोंदींतून दाखवले की काम करण्याच्या वयातील वेल्डरांमध्ये लोबार न्यूमोनियाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आहेत, आणि निवृत्तीनंतर हा फरक राहत नाही. धुरातील लोह न्यूमोकोकस जंतूला फावते, हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. ब्रिटनमध्ये आज वेल्डरांना न्यूमोकोकल लसीची शिफारस केली जाते. आपल्या किती कंपन्यांच्या लसीकरणाच्या यादीत धनुर्वाताशिवाय दुसरे काही आहे? धूर खेचणारी नळी आधी आणि लस नंतर, हा क्रम मात्र पाळायला हवा.

कमतरता आणि विषबाधा एकाच माणसात एकत्रही येतात. लोह कमी पडले की ते शोषणारे आतड्यातील वाहक प्रथिन वाढते, आणि त्याच वाटेने मँगेनीज, शिसे, कॅडमियमही जास्त प्रमाणात आत जाऊ शकतात. वेल्डिंगच्या धुरात मँगेनीज असते, बॅटरीच्या आणि सोल्डरिंगच्या कामात शिसे. शिसे स्वतःच हिमोग्लोबिनची जडणघडण अडवते. म्हणून बॅटरी विभागातला रक्तक्षयी कामगार आला तर रक्तातील शिसे मोजल्याशिवाय त्याला परत पाठवू नये. कारखाने अधिनियमाने शिसे आणि मँगेनीज या दोन्हींची विषबाधा सरकारला कळवण्याचे बंधन घातले, ते कागद भरण्यासाठी नव्हे.

गोळ्या देताना घरातली लहान मुलेही डोळ्यांसमोर हवीत. साखरेच्या लाल लेपाची गोळी मुलाला चॉकलेटसारखी वाटते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. १० किलोच्या मुलाने दहा गोळ्या खाल्ल्या तर वजनाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम होतात, आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो. आधी उलट्या आणि जुलाब होतात, कधी रक्ताच्याही. मग काही तास मूल बरे वाटते आणि आईवडील निश्चिंत होतात. त्यानंतर यकृत आणि रक्ताभिसरण कोसळते. दहा बाय दहाच्या खोलीत फळीवर ठेवलेल्या शंभर गोळ्या सुरक्षित नसतात. एका वेळी महिन्याच्याच द्याव्यात आणि मुलाने खाल्ल्या तर ते बरे दिसत असले तरी लगेच रुग्णालयात न्यावे, असे प्रत्येकाला सांगावे. शिरेतून लोह देण्याची सोयही प्राथमिक उपचारांच्या खोलीत करू नये. ‘रक्ताचे सलाइन’ लावून घेण्याची मागणी वाढली आहे. तीव्र ॲलर्जी हाताळता येईल अशीच जागा त्यासाठी हवी.

या सगळ्यासाठी आमची मागणी मोठी नाही. ज्याचे हिमोग्लोबिन स्त्रीसाठी १२ आणि पुरुषासाठी १३ पेक्षा कमी आहे, त्याच्या रक्ताच्या त्याच नमुन्यातून पूर्ण सीबीसी वाचले जावे आणि फेरिटिन व सीआरपी मागवले जावे. दाह असताना फेरिटिन फसवे चढते, म्हणून सीआरपी सोबत हवा. निरोगी प्रौढात १५ आणि दाह असल्यास ७० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आपल्याला पुरेशा आहेत. तपासणीच्या अर्जात पाळी, मूळव्याध, वेदनाशामक गोळ्या, आधीचे काम आणि मूळ गाव असे पाच रकाने वाढवावेत. खर्चाचा प्रश्न व्यवस्थापन विचारेल. रोज गैरहजेरीचा तक्ता त्यांच्याच टेबलावर असतो, तो पुढे करावा.

नोकरीपूर्व तपासणीत कमी हिमोग्लोबिनवरून मुलींना परत पाठवण्याची पद्धत थांबवण्याची जबाबदारीही आपलीच आहे. दहा हिमोग्लोबिन असलेली मुलगी बसून करायच्या जुळणीच्या कामाला अपात्र नाही. ती उपचाराला पात्र आहे. ‘फिट, उपचार सुरू, तीन महिन्यांनी फेरतपासणी’ असा शेरा लिहिण्याचा अधिकार आपल्या सहीत आहे. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर आणखी एक पाऊल टाकावे लागेल. ठेकेदार बदलला की कामगाराची फाइल हरवते, तो भोसरीहून खराबवाडीला जातो आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून गोळ्या सुरू होतात. म्हणून अहवालाची एक प्रत, त्याला वाचता येईल अशा भाषेत, त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावी. त्यावर फेरिटिनचा आकडा, दिलेल्या गोळ्या आणि त्या थांबवण्याची तारीख असावी, म्हणजे पुढच्या डॉक्टरला तिथून पुढे जाता येईल.