विंटेज म्हणजे कुठल्या सालचं?

मागच्या दिवाळीत छत्रपती संभाजीनगरच्या एका फर्निचरच्या दुकानात ‘विंटेज वाइन रॅक’ पाहिला. सागवानी, चार फळ्यांचा, बाटल्या आडव्या ठेवायला अर्धगोल खाचा पाडलेल्या. किंमत २८ हजार. जवळ गेलो तर कळलं, ही तर मांडणी! खुलताबादच्या आमच्या जुन्या घरात अशीच होती. वर पितळी डबे, मध्ये ताटवाट्या, खाली लोणच्याच्या बरण्या.

“कुठल्या घरातली?” मी विचारलं.

“विंटेज आहे, सर.”

“हो, पण कुठल्या गावची? किती सालची?”

“एकदम विंटेज, सर.”

गंमत बघा. विंटेज हा शब्दच मुळात वाइनचा. द्राक्षं ज्या हंगामात तोडली, ते साल म्हणजे विंटेज. नाशिकच्या चांगल्या बाटलीवर ते छापलेलं असतं; द्राक्षाची जात, बनवणाऱ्याचं नाव, सगळं. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या द्राक्षरसाला जन्मदाखला आहे, आणि तो ज्याच्यावर निजणार त्या लाकडाला नाही.

माझं भांडण वाइनशी नाही. खुशाल प्या. पण बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, त्यांना आडवं निजायची गरजच नाही. शिवाय वाइनला हवा १२-१५ अंशांचा गारवा, आणि मे महिन्यात मराठवाड्यातला पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे मांडणी कापली ती वाइनसाठीसुद्धा नाही, फोटोसाठी.

“पण आम्ही वाचवली ना! नाहीतर बंबात गेली असती.” हे मात्र खरं आहे. आमची मांडणी काकांनी भंगारवाल्याला वजनावर दिली, तेव्हा मी ओट्यावर बसून रील बघत होतो. वर मान करून पाहिलंही नाही. दुकानातली आमचीच होती असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, हेच दुखणं आहे. घासून, पॉलिश मारून तिच्यावर कुणाची खूणच ठेवलेली नव्हती. आणि नव्या लाकडाला साखळीने ठोकून, चहाचं पाणी फासूनही ‘जुनं’ करता येतं. साल-गाव न सांगणारा विंटेज माल त्याहून वेगळा कसा ओळखायचा?

खुलताबाद हे कबरींचं गाव. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, औरंगजेब १७०७ मध्ये. दोघांचीही कबर इथेच. राजे-सरदारांची सालं आम्हाला तोंडपाठ. रोजच्या वापरातली वस्तू करणाऱ्या सुताराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

परवा काकूला फोन केला. “सासूबाईंच्या लग्नात केली होती,” ती म्हणाली. “सुतार अंगणात बसून करत होता म्हणे. नाव नाही रे ठाऊक.”

म्हणून मागणी एवढीच. जुनं लाकूड विकणाऱ्याने मागे एक चिठ्ठी चिकटवावी: गाव, घर, अंदाजे साल, कापण्याआधी ती वस्तू काय होती. ज्याला हे सांगता येत नाही, त्याने ‘जुनं लाकूड’ म्हणावं आणि जुन्या लाकडाचा भाव घ्यावा. आणि आपण घरी विचारावं, भंगारवाला दारात यायच्या आधी. आमच्याकडे आता एक पाट उरलाय. त्याच्या खालच्या बाजूला मी पेन्सिलीने लिहिलंय: खुलताबाद, आजीच्या लग्नातला. पुढे सुताराच्या नावाला जागा सोडली आहे.