गरम पाण्याची धार बारीक का होते?

मैत्रिणींनो, थंडी सुरू झाली की एक तक्रार हमखास कानावर येते. गार पाण्याचा नळ धो धो वाहतो आणि गरम पाण्याची धार मात्र करंगळीएवढीही नाही. मुलांची शाळा, ह्यांची ऑफिसची घाई, आणि इकडे बादली काही भरत नाही! मग खापर फुटते ते गिझरवर. "जुना झाला, नवा आणू या," अशी बोलणीही सुरू होतात.

पण जरा थांबा. साधा विजेचा गिझर पाणी फक्त तापवतो, ढकलत नाही. गच्चीवरच्या टाकीतले गार पाणी त्यात शिरते आणि ते आतल्या वरच्या थरातले गरम पाणी बाहेर लोटते. म्हणजे धारेचा जोर टाकीचाच. टाकी नळाहून १० मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो. अगदी वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर जेमतेम २-३ मीटर असते, तिथे गार पाणीही हळूच येणार. तुमच्याकडे दोन्ही नळ सारखेच मंद असतील तर गिझरला दोष देऊ नका. (गॅसच्या गिझरची गोष्ट निराळी; पुरेसा जोर नसला तर तो पेटतच नाही.)

फक्त गरम पाणीच बारीक येत असेल तर घरातले सगळे गरम पाण्याचे नळ सोडून पाहा. एकाच नळाची तक्रार असली तर बहुधा त्याच्या तोंडाची जाळी किंवा शॉवरची चाळणी क्षारांनी बुजलेली असते. तोटीला जुने फडके गुंडाळून जाळी पकडीने फिरवून काढा, व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. काम फुकटात!

सगळ्याच नळांना धार नसेल तर गिझरकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या नळीवरचा कॉक पाहा. मागच्या दुरुस्तीनंतर तो अर्धाच उघडलेला राहणे हे फार नेहमीचे आहे, बरं का! तिथली वेणीची लवचिक नळी कुठे मुडपली आहे का, तेही बघून घ्या.

एवढे करूनही भागले नाही तर प्लंबरला बोलवा, पण त्याला आधी एक चाचणी करायला सांगा. मेन स्विच बंद करायचा, गिझरमधले पाणी निवू द्यायचे आणि गिझरची बाहेर जाणारी नळी सोडून खाली बादली धरायची. बादलीत जोरात पाणी पडले तर अडथळा पुढे भिंतीतल्या पाइपात आहे. जुन्या लोखंडी पाइपात गंज चढून भोक पेन्सिलीएवढे उरते, तिथे नवा गिझर आणूनही काही उपयोग नाही. बादलीतही बारीकच धार आली तर दोष गिझरच्या आत किंवा त्याच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये. बोअरिंगचे जड पाणी तापले की त्यातले क्षार खाली बसतात आणि तिथे अडकतात. पुष्कळदा तो एक व्हॉल्व्ह साफ केला किंवा बदलला की धार पूर्ववत होते.

या व्हॉल्व्हबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गिझर चालू असताना त्यातून थेंब थेंब पाणी गळते. पाणी तापले की फुगते, ते वाढीव पाणी तिथून निघून जाते. "पाणी वाया जाते, आणि जोरही कमी होतो" म्हणून काही घरांत त्या भोकात लाकडाची खुंटी ठोकतात, नाहीतर एम-सील भरतात. अहो, असे चुकूनही करू नका! थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले तर आतल्या दाबाला वाट तेवढीच असते. ती बुजवली तर टाकी फुटू शकते, आणि खाली आपले मूल अंघोळ करत असते. थेंबांचा त्रास होत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाला लहानशी नळी लावून ती मोरीत सोडा, तिचे टोक मात्र उघडे राहू द्या. गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर प्लंबरकडून व्हॉल्व्ह तपासून घ्या.