इंजेक्शन नको, आधी ऑक्सिजन द्या!

शहापूर-मुरबाडकरांनो, एका रेमडेसिवीरसाठी कल्याण-ठाण्याला किती पळायचं? कोरोना पेशीत शिरून वाढतो. पुढे आपलीच प्रतिकारशक्ती चवताळते, फुफ्फुसं सुजतात, ऑक्सिजन घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या चाचणीत रेमडेसिवीरने मृत्यू फारसे घटले नाहीत. उलट ब्रिटनमधल्या चाचणीत स्वस्तातल्या डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. पण ते स्टेरॉइड आहे. ऑक्सिजन लागत नसताना घेतलं तर नुकसानच; डॉक्टरांशिवाय घेऊ नका.

इंजेक्शन वाटून फोटो काढणाऱ्या पुढाऱ्यांना माझा सवाल: पाड्यापाड्यावरच्या आशाताईच्या हातात ऑक्सिमीटर, सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड आणि ९४ च्या खाली गेलेल्याला तिथवर न्यायला गाडी कधी देणार? आपणही तेच मागूया. पटलं तर शेअर करा.