एल्साचं माहेर

मैत्रिणींनो, या खेपेला पुस्तक निवडलंय ते एका सिंहिणीचं! ‘घरात पाल दिसली तरी आम्ही खुर्चीवर चढतो, आम्हांला सिंहीण कशाला?’ असं म्हणून पान उलटू नका. जॉय अॅडमसन यांचं ‘बॉर्न फ्री’ ज्यांनी हातात घेतलं, त्यांच्यापैकी कित्येकींच्या त्या दुपारच्या चहाला उशीर झाला असेल. १९६० साली निघालेलं हे पुस्तक आजही तितकंच ताजं वाटतं.

गोष्ट आहे आफ्रिकेतल्या केनियाची. जॉयबाईंचे यजमान जॉर्ज हे तिथल्या उत्तरेकडच्या रानाचे अधिकारी होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये ते एका नरभक्षक सिंहाच्या मागावर होते, तेव्हा एक सिंहीण अंगावर धावून आली. जीव वाचवायला गोळी घालावी लागली आणि मग कळलं, ती धावून आली होती आपल्या पिल्लांसाठी. खडकाच्या कपारीत तीन छाव्या सापडल्या, नुकत्याच जन्मलेल्या. सगळ्या गोष्टीचा पाया असा एका आईच्या मरणावर आहे, आणि जॉयबाईंनी तो लपवलेला नाही. मला त्यांचं हे फार आवडतं.

तिघींना वरच्या दुधावर वाढवायचं! आधी दोन दिवस दुधाला तोंड लावायला तयार नाहीत. ते वाचताना ज्यांनी ज्यांनी बाटलीने मूल वाढवलंय, त्यांना आपले दिवस आठवतील. दुधात कॉडलिव्हर ऑइल घालणं, जागरणं, सगळं अगदी तसंच. त्यात घरात सशाएवढा एक पाळलेला रानप्राणी होता, पाती नावाचा. या पातीने आत्याबाईंसारखी तिघींवर देखरेख ठेवली! पुढे त्या इतक्या दांडग्या झाल्या की काही महिन्यांनी दोघींची रवानगी हॉलंडमधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात करावी लागली. सगळ्यांत लहान, अशक्त होती ती राहिली. तीच एल्सा. जॉयबाईंचा अंगठा चोखत पडायची, त्यांच्या खाटेवर पसरायची.

इथवर कुणीही म्हणेल, ‘काय बाई हौस!’ आपल्याकडे तर याहून बोचरं बोलतील. जॉयबाईंना मूल नव्हतं. मूल नसलेल्या बाईने मांजर जरी पाळलं तरी ‘मुलाची भूक भागवतेय’ असं कुजबुजणाऱ्या कमी नसतात. पण या पुस्तकाचा खरा जीव कुरवाळण्यात नाहीच. एल्सा दोन वर्षांची झाली आणि या नवराबायकोंपुढे प्रश्न उभा राहिला, आता हिचं काय? बहिणींसारखं पिंजऱ्यात धाडणं सोपं होतं. त्यांनी ठरवलं, हिला रानात सोडायचं, तिच्या हक्काच्या घरी.

आणि हे काम दूध पाजण्यापेक्षा शंभरपट अवघड! जिला आयतं ताट मिळालं, तिला शिकार कोण शिकवणार? पहिल्या ठिकाणची हवा मानवली नाही, ती आजारी पडली. मग तिच्या जन्मभूमीजवळ, मेरूच्या बाजूला, नदीकाठी तळ दिला. तिला तिथे सोडून हे दोघं काही दिवस लांब जायचे. परत येऊन पाहावं, तर पोर उपाशी, वाट पाहत बसलेली. पुन्हा खाऊ घालायचं, पुन्हा मन घट्ट करून निघायचं. हे भाग वाचताना माझा तर घसा दाटून आला. शेवटी ती स्वतः शिकार करायला शिकली, रानातल्या सिंहाबरोबर संसारही थाटला.

पुढची हकीकत ‘लिव्हिंग फ्री’ (१९६१) मध्ये आहे. डिसेंबर १९५९ मध्ये एल्साला तीन पिल्लं झाली आणि साधारण सहा आठवड्यांनी ती त्यांना घेऊन नदी ओलांडून तळावर आली. लेकीने बाळाला घेऊन माहेरी यावं तशी! जॉयबाईंना त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं नसेल का? पण त्यांनी ठरवून पिल्लांना हात लावला नाही. ती रानाची आहेत, त्यांना माणसाची सवय नको. लेकीच्या संसारात कुठवर लुडबुड करायची, हे ज्या आईला कळतं ना, तिलाच या न लावलेल्या हाताची किंमत समजेल.

शेवट मात्र गोड नाही. जानेवारी १९६१ मध्ये, पाच वर्षांचीही पुरती झाली नव्हती तेव्हा, एल्सा गोचिडांमुळे होणाऱ्या तापाने गेली. जॉर्ज तिच्याजवळ होते. पोरकी पिल्लं वस्तीतल्या शेळ्या मारू लागली, तेव्हा त्यांना धरून दूर सेरेंगेटीच्या रानात न्यावं लागलं. हे सारं ‘फॉरेव्हर फ्री’ (१९६२) मध्ये येतं. पुढे जॉयबाईंनी पिप्पा नावाच्या चित्तिणीलाही असंच रानात परत पाठवलं. तिच्यावरचं पुस्तक ‘द स्पॉटेड स्फिंक्स’ (१९६९).

पण एक बाजू सांगायलाच हवी. माणसाळलेला सिंह हा सिंहच असतो. जॉर्जनी रानात सोडलेल्या ‘बॉय’ नावाच्या सिंहाने १९७१ साली त्यांच्याच तळावरच्या एका माणसाचा जीव घेतला आणि जॉर्जना आपल्या हाताने त्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या शेळ्या गेल्या, ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्या बाजूनेही हे पुस्तक वाचायला हवं. जॉयबाई व जॉर्ज दोघांचाही शेवट रानातच झाला, पण जनावरांच्या हातून नव्हे, माणसांच्या. १९८० मध्ये जॉयबाईंचा खून झाला, तो कामावरून गेलेल्या एका नोकराकडून. १९८९ मध्ये जॉर्जना लुटारूंनी मारलं.

मुलांना ही गोष्ट जरूर वाचून दाखवा. १९६६ चा सिनेमाही सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखा आहे. मात्र तो पाहून चिरंजीव उद्या पोपट नाहीतर खारीचं पिल्लू घेऊन आले, तर? तर त्यांना सांगा, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने रानातला पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवता येत नाही. झाडाखाली पडलेलं खारीचं पिल्लू दिसलं, तर त्याच्या तोंडात दूधपाणी घालू नका. उबदार फडक्यात, मांजराकुत्र्यांपासून जपून, त्याच झाडापाशी ठेवा. पुष्कळदा आई येऊन उचलून नेते. नाहीच आली, किंवा ते जखमी असलं, तर वनखात्याला कळवा.

वाढवायला माया लागते, ती आपल्यापाशी उदंड असते. वेळ आली की मूठ उघडायला मात्र त्याहून जास्त माया लागते. मुलगी सासरी पाठवणारी, मुलगा परगावी धाडणारी आपल्यातली प्रत्येक जण हे जाणतेच. म्हणून म्हणते, केनियातल्या सिंहिणीची ही गोष्ट तुम्हांला परकी वाटणार नाही.