ॲव्हरेज पडला

शेजारचा पोरगा चाकणला असेंब्ली लाइनवर सुपरवायझर आहे. सोमवारी जिन्यात गाठून त्याने मोबाइल पुढे केला. आदल्या दिवशी कोकणात कयाक घेऊन भोगवे ते निवती वल्हवत गेला होता. कडे, खडक, फेसाळ लाटा बघायला मिळतील म्हणून चष्मा लावला, तर पडद्यावर नुसता आलेख. अंतर, वेग, नाडीचे ठोके.

"डॉल्फिन दिसले का रे?"

"दिसले ना काका. तिथेच ॲव्हरेज पडला."

तेव्हापासून डोकं फिरलंय. आठवडाभर तासाला किती नग निघाले ते मोजायचं आणि सुटीत समुद्रावर जाऊन पुन्हा तेच! कौस्तुभ खाडेंनी मोजलं तर शोभतं. २०१५ मध्ये त्यांनी मुंबईहून गोव्यापर्यंत एकट्याने कयाक नेली. पुढे गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर वल्हवले. शांजली शाही किनाऱ्याने सायकलवर सोबतीला.

निवतीच्या कड्यांवर लाट आपटते आणि उलटी फिरते. मागून येणारी तिला भिडली की पाणी जागच्या जागी उसळतं, म्हणून खडकाला चिकटून जायचं नसतं. तिथल्या नाववाल्याने पोराला बजावलं होतं, "दुपारच्या आत परत येवा, मगे वारो वाढतलो." हे त्याने मला तक्रार म्हणून सांगितलं. त्याचं टार्गेट अपुरं राहिलं ना!

बरं, वेगाची एवढी हौस, तर गाडीने कोकणात जातानाचा वेग विचारला. गप्प. शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर देहूरोड-कात्रज बाह्यवळणाला लागले होते म्हणे. या रस्त्यावर चिडणं हा माझा जुना आजार. नेहमीच्या वाचकांनी इथून पुढचं गाळलं तरी चालेल. रावेतला थांबा, पुनावळ्याच्या भुयारी मार्गापाशी थांबा, ताथवड्याला सर्व्हिस रोडवरून घुसणाऱ्यांना वाट द्या, वाकडला देवाचं नाव घ्या. शहर टाळण्यासाठी काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शहरच येऊन बसलंय. नवले पूल आला की गाडीतले सगळे एकमेकांशी बोलेनासे झालेले असतात. कोल्हापूर, घाट, कोकण हे सगळं त्यानंतर.

पुढच्या खेपेला त्याने मलाही बोलावलंय. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा ताल धरतो, मागचा दिशा सांभाळतो. मी मागे बसणार, हे ठरलं. माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांबद्दल ठाऊक असूनही तो तयार आहे, म्हणजे पोरगा वाईट नाही. अडलंय ते निघायच्या वेळेवर. तो म्हणतो, शुक्रवारी ड्यूटी सुटल्या सुटल्या. मी म्हणतो, शनिवारी पहाटे तीनला, वाकडच्या चहाच्या टपऱ्या उघडायच्या आत.