पाहावे, तुडवू नये

अमेरिकेत स्थायिक झालेले आमचे कित्येक आप्त वसंतातील सुट्टीत मुलांसह मोटारीने युटा राज्यातील वाळवंटाकडे निघतात. तेथील ५ राष्ट्रीय उद्याने एकाच आठवड्यात उरकावीत, असा त्यांचा बेत असतो. आम्हांस तो पटत नाही. मोआब गावी मुक्काम करून आर्चेस व कॅन्यनलँड्स ही जवळजवळची दोनच निवांतपणे पाहावीत. माणशी रोज ४ लिटर पाणी, हे बेताचे पहिले कलम. पायवाट सोडू नये, हे दुसरे. तेथील मातीवरचा काळसर पापुद्रा सूक्ष्म जीवांनी विणलेला असतो; वाऱ्यापासून जमिनीचे रक्षण तोच करतो. घाईत पडलेल्या एका पावलाची जखम भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. जे पाहावयास गेलो, तेच तुडवून परतणे ही कसली सहल?